पोट्टं उलटं बसवलं ना बाप्पा!

बातमी पक्की आहे, दोन घरांतून खात्री करून घेतली आहे. अकोल्याच्या गोरक्षण रोडवरचं एक कुटुंब अमरावतीला रुक्मिणीनगरात बारशाला आलं. गाडी थांबली, मागचं दार उघडलं, आणि आत तीन महिन्यांचं बाळ पाठमोरं! सगळी गाडी अमरावतीकडे तोंड करून आलेली आणि हे एकटं लेकरू अकोल्याकडे पाहत आलेलं. वर पाच पट्ट्यांनी आवळलेलं. शेजारी सख्खी आजी, आणि तिच्या मांडीवर चिवड्याचा डबा. डब्याला मांडी आणि नातवाला प्लास्टिकची खुर्ची! ज्या बाळाचं बारसं होतं त्याचं नाव काय ठेवलं, हे विचारायचं अर्ध्या बायकांचं राहूनच गेलं.

"हे काय पाहून रायली माय मी! लेकराले उलटं बसवलं!"

"मयमयते न त्याले."

"पाय पाह्य ना कसे दुमडले. उद्या वाकडे झाले म्हंजे?"

"अन् बांधलं कायले? पयून जात होतं काय?"

मालिशवाल्या बाईचंही मत घेण्यात आलं. तिने बाळाच्या मानेकडे नुसतं पाहिलं, 'च्च' केलं आणि पुढच्या घरी निघून गेली. त्या 'च्च'चे अर्थ लावण्यात पंगत उठली.

तर अशी ही बाळाच्या कारसीटची साथ. वऱ्हाडात याआधीही साथी आल्या आणि गेल्या. मॉड्युलर किचन आलं, लग्नाआधीचं फोटोशूट आलं, डोहाळजेवणाला फुगे आले. पण त्यातल्या एकाही साथीने आजीच्या मांडीला हात घातला नव्हता. ही कारसीट थेट तिच्यावरच घाला घालते, म्हणून चर्चेला एवढी फोडणी.

आधी आरोपी शोधू. पहिला संशय अर्थातच पुण्यावर. इकडची शिकलेली पोरं हिंजवडीला जातात, सून तिकडची करतात, आणि सून सोबत काय काय विचार घेऊन येते, हे काय सांगायचं! पण या खेपेला पुणं निर्दोष निघालं. खरा माल आला तो थेट अमेरिकेतून, आणि आणला कोणी? आजीनेच! लेकीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांच्या व्हिसावर टेक्सासला गेली, तेव्हा पेटीत डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशोपा होत्या. परत आली ती मत घेऊन. "मी म्हटलं, द्या माह्या जवळ, मी नेतो मांडीवर. तर थे नर्स म्हने, आधी गाडीतली सीट दाखवा. पोटच्या पोरीचं पोर, अन् मले देईना!" हे ती आधी तक्रार म्हणून सांगायची. सहा महिन्यांनी तेच अभिमानाने सांगू लागली. आता अकोल्याच्या जठारपेठेत तिच्याइतकी कडक बाई नाही. कोणाची गाडी दिसली की आधी मागच्या काचेतून आत डोकावते.

या आजीला ठाऊक नसेल, पण मांडीचा खटला अमेरिकेतही रंगला होता. लहान मुलांना गाडीत सीटमध्येच बसवा, असा पहिला कायदा टेनेसी राज्यात १९७८ पासून लागू झाला. त्यामागे डॉ. रॉबर्ट सँडर्स हे बालरोगतज्ज्ञ होते. पण कायदा मंजूर होताना आमदारांनी हळूच एक पळवाट ठेवली, की मोठ्या माणसाने बाळ कुशीत धरलं असेल तर चालेल. म्हणजे तिकडच्या आज्याही काही कमी नव्हत्या! डॉक्टरांनी या सवलतीला 'चाइल्ड क्रशर' असं नाव ठेवलं, म्हणजे लेकराचा चुरा करणारी सवलत. तीन वर्षं झगडून त्यांनी ती १९८१ मध्ये काढायला लावली.

दुसरा आरोपी आपल्याच अंगणातला आहे, आणि त्याच्यावर कोणाचा संशयसुद्धा नाही. तो म्हणजे रस्ता. अमरावती-अकोला हा रस्ता वर्षानुवर्षं असा होता की बाळाला सीट लागतच नव्हती; गाडी वेग घेईल तर ना! मग जून २०२२ मध्ये काय झालं ते साऱ्या जगाने पाहिलं. अमरावती जिल्ह्यातलं लोणी ते अकोला जिल्ह्यातलं माना, ३ तारखेच्या सकाळी डांबर पडायला लागलं ते ७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत थांबलंच नाही. एका पदरात मोजलं तर ७५ किलोमीटर, १०५ तास ३३ मिनिटांत. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, तो मोडला आणि गिनीज बुकात आपलं नाव लागलं. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आपल्याच नागपूरचे, त्यांनी ते जाहीर केलं आणि छाती फुगली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा उघडला. धामणगावजवळून चढा, कारंज्याजवळ उतरा, वेगमर्यादा १२०. रस्ता विक्रमी झाला, गाडी नवी झाली, जावयाचा उजवा पाय जड झाला. बदलली नाही ती एकच गोष्ट: बाळ अजून मांडीवर.

आता इथे जरा हिशेब करू. चर्चेत हिशेब आला की बायका उठून जातात असं म्हणतात, पण हा क्विंटलचा हिशेब आहे आणि वऱ्हाडात क्विंटल सगळ्यांना कळतो. गाडी ताशी ५० च्या वेगात आहे आणि समोर कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. दहा किलोचं नातवंड त्या क्षणी दोन क्विंटलचं होतं. आजी, तुम्ही दोन क्विंटल दोन हातांत धरून दाखवा, मग सीट परत करू. शिवाय आजीने स्वतः बेल्ट लावलेला नसतो, म्हणजे ती स्वतःही मागून त्याच वेगाने येणार, आणि मध्ये बाळ. ५० च्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून पडणं. वेग दुप्पट केला तर उंची चौपट होते. समृद्धीवर किती मजले होतात, ते ज्याचं त्याने मोजावं.

आणि ते 'उलटं' प्रकरण? तेही उघड करून टाकते. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं आणि मान कोवळी. तोंड पुढे असलं की धक्क्यात धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं तेवढं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर. पाठमोरं बसवलं की डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं आणि जोर वाटला जातो. हे सुचलं कोणाला, तर स्वीडनच्या बर्टिल अल्डमन यांना, १९६० च्या दशकात. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर रेलून कसे बसतात ते त्यांनी पाहिलं आणि विचार केला की हे लेकरांना का नको? म्हणजे रुक्मिणीनगरात ज्या बाळाची एवढी हळहळ झाली, ते अंतराळवीरांच्या पंक्तीत बसून आलं होतं. पाय दुमडले म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पोटात नऊ महिने ते कसं होतं, ते आठवा.

असो, आता झणझणीत मुद्दा. पैसे कोणी द्यायचे?

पहिलं बाळंतपण माहेरी, पाळणा माहेरचा, वाळे-मनगट्या माहेरच्या. मग कारसीट कशात धरायची? पाळण्यात धरली तर माहेरच्यांनी आणायची, गाडीत धरली तर सासरच्यांनी, कारण गाडी सासरची. (गाडीही माहेराहूनच आली असेल तर त्याला १९६१ चा वेगळा कायदा आहे, त्यात आज शिरायला नको.) एका डोहाळजेवणाला यावरून दोन विहिणी तासभर एकमेकींशी इतक्या गोड बोलल्या की ऐकणाऱ्यांना घाम फुटला. किंमत पाच-सहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत. शेवटी मामाने आणली. मामा कशालाही सापडतो.

आणि आणली कशी ते ऐका. मामा दुकानात गेला, सोबत मामी, दोघांनी मिळून रंग पाहिला. गाडी पांढरी, म्हणून सीट लाल. "पूर्ण ३६० अंशांत फिरते वहिनी," दुकानदार म्हणाला. फिरते म्हटल्यावर मामीचे डोळे चमकले. कप ठेवायला जागा आहे का, हेही पाहून झालं. बाळ चार महिन्यांचं, ते उसाचा रस ठेवणार! बाळाचं वजन किती, हे विचारलं का? नाही. भाच्याची गाडी कोणती? "पांढरी." सीटवर मानकाचा नारिंगी स्टिकर आहे का? "तो काढून टाकला जी, दिसायला बरा नव्हता."

अहो, त्या स्टिकरमध्येच सगळी कुंडली असते! गोलातला ई आणि आकडा, म्हणजे युरोपच्या नियमाप्रमाणे सीट धडकून तपासली आहे. जुना नियम ४४ हा वजनावर चालतो: १३ किलोपर्यंतची पाठमोरी, ९ ते १८ ची त्याच्या पुढची, मग १५ ते ३६ पर्यंत लेकराला बेल्टच्या मापाला वर उचलून देणाऱ्या बैठका. नवा नियम १२९ हा उंचीवर चालतो आणि निदान १५ महिने पाठमोरंच बसवा म्हणतो. आपल्याकडेही एआयएस ०७२ नावाचं मानक आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१८ मध्ये वयाची अटच काढली. सीटच्या मापात बसतंय तोवर पाठमोरंच राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे मात्र पहिला वाढदिवस झाला की बाळाला सरळ करायची एवढी घाई, जशी मुंजच अडली आहे.

मग घरी येऊन सीट बसवायची. इथे दुसरा अंक. आयसोफिक्स म्हणजे मागच्या बैठकीच्या सांध्यात, पाठ आणि बूड मिळतं तिथे, दोन लोखंडी कड्या असतात. सीटचे आकडे त्यात खटकन बसतात. पण कड्या सापडायला हव्यात! कारण गाडी घेतली त्याच दिवशी तिला मखमली सीटकव्हर चढवलं होतं आणि कड्याच काय, मागच्या बेल्टची बकलंसुद्धा त्याच्या खाली गाडली गेली होती. एका घरात ती काढायला शिंपी बोलवावा लागला. सीट बसल्यावर बेल्टच्या वाटेजवळ धरून हलवायची; बोटभराहून जास्त सरकली तर ती बसलेलीच नाही. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहायचा. चिमटीत आला तर तो सैल आहे. आणि पाठमोरी सीट पुढे, एअरबॅगसमोर, कधीही नाही. "पुढे ठेवली तर मले दिसते न तो," म्हणणाऱ्या बापाला हे दोनदा सांगावं लागतं. मागे ठेवली की पुढची बैठक सरकवावी लागते आणि सासरेबुवांचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. घरात या कारणावरून जेवढे रुसवे झाले, तेवढे खर्चावरूनही झाले नाहीत.

"आमची गाडी फाइव्ह स्टार आहे, आम्हाले सीट कायले लागते?" असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांची मान भलतीच ताठ. त्यांना विचारावं, तारे कोणाचे? मोठ्यांचे तारे वेगळे आणि लेकरांचे वेगळे मोजलेले असतात. २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला गाड्या आदळून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने पाच तारे दिले तेव्हा देशभर पेढे वाटले गेले. पण ते मोठ्यांसाठी होते, लेकरांना तीनच मिळाले होते. पुढे २०२४ मध्ये नव्या नेक्सॉनने दोन्हीकडे पाच मिळवले. आपलं स्वतःचं भारत एनकॅप ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालं, त्यातही लेकरांचा हिशेब निराळाच असतो. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे गाडीत बसवून गाडी आदळतात. आणि ते पुतळे कुठे बसवतात? कारसीटमध्ये! कुणाच्या मांडीवर नाही.

उन्हाचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे, त्यावर मी हसणार नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या पुढे गेला तेव्हा अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क कलम १४४ लावलं. उन्हापायी जमावबंदी! अशा गावात गाडी चौकात अर्धा तास उभी राहिली की सीटचं बकल चटका देतं. उतरताना वर पांढरा पंचा टाकावा, बसवताना धातूला आपलं बोट आधी लावून पाहावं. आणि बाळ झोपलं आहे म्हणून त्याला 'दोन मिनिटं' बंद गाडीत सोडून दुकानात जाणं, याला तर गप्पांतही जागा नाही. बंद गाडी दहा मिनिटांत भट्टी होते. उलट थंडीत चिखलदऱ्याला जाताना स्वेटर, कुंची, वर आणखी जाकीट घालून बाळ सीटमध्ये कोंबतात. पट्टे त्या कापसाला आवळतात, बाळाला नाही. धडक बसली की कापूस दबतो आणि पट्टा सैल. आधी आवळा, मग वरून दुलई घाला. एवढं सोपं आहे, पण कुंची काढायची म्हटलं की आजीचा पुन्हा रुसवा.

तशात आपला एक जुना रिवाज. नव्या बाळाला पहिलं अंगडं दुसऱ्याच्या सुदृढ लेकराचं, वापरलेलं घालायचं. तोच रिवाज सीटला लावून एकीने नात्यातली जुनी सीट मागून आणली. अंगडं मागून आणा, घुंगुरवाळे आणा, पाळणा आणा. पण सीटने एखादा अपघात पाहिला असेल तर ती बाहेरून धड दिसते आणि आतून तडकलेली असते. कुणाची, किती वर्षांची, कुठे ठोकली होती का, हे विचारल्याशिवाय आणू नये. विचारलं की नातं बिघडतं, हे मान्य. सोयरिकीच्या वेळी आपण याहून अवघड प्रश्न विचारतो.

आणि आता जे सांगते ते कुणाला सांगू नका. बारशात सगळ्यांनी 'उलट्या' बाळाला नावं ठेवली, पण नावं ठेवण्यासारखं खरं प्रकरण दुसरंच आहे. ज्यांनी ऐटीत सीट घेतल्या, त्यांच्यातल्या कित्येकांचं बाळ अकोल्याहून निघताना सीटमध्ये असतं. फोटो निघतो, तो ताबडतोब सगळ्या नातेवाइकांना जातो. बोरगाव मंजूला ते रडतं. मूर्तिजापूरला ते मांडीवर असतं. बडनेऱ्याला पोहोचेतो सीटमध्ये कलिंगड असतं, पट्टे लावून. कलिंगड सुखरूप येतं हो, एक ओरखडा नाही!

ज्यांना बेल्टच नको त्यांची तर कमाल. बेल्ट न लावता गाडीचा पीं-पीं आवाज बंद करणारी नुसती बकलाची जीभ बाजारात मिळत होती. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, मागच्या बैठकीवर, बेल्ट न लावलेले. तेव्हा चार दिवस सगळीकडे हळहळ झाली. तरी मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या ऑनलाइन बाजारांवर आदेश काढावे लागले आणि त्या खोट्या जिभेच्या १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या. म्हणजे बेल्ट चुकवायला पैसे देऊन वस्तू घेणारे एवढे, आणि सीटला हजार रुपये जास्त पडले की 'लूट'! सरकारी अहवालात त्याच २०२२ चा आकडा आहे. बेल्ट न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसं गेली, त्यातली जवळजवळ निम्मी चालक नव्हे, शेजारी किंवा मागे बसलेली.

कायदा? आहे ना. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा सीटशिवाय गाडीत दिसलं तर हजार रुपये दंड. अमरावतीच्या राजकमल चौकात यावरून कुणाची पावती फाटलेली माझ्या ऐकण्यात नाही, हेल्मेटची फाटते. दुचाकीवरच्या लेकरांसाठीही नियम आहे, १५ फेब्रुवारी २०२३ पासून: चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट, वेग ४० च्या आत. हे वाचून पंचवटी चौकातली स्कूटीवरची आई खो-खो हसेल. शनिवारी चारचाकीत आयसोफिक्समध्ये जखडलेलं तेच पिल्लू सोमवारी प्लेग्रुपला जाताना स्कूटीवर पुढे उभं असतं, आरसा धरून. त्याबद्दल कुणी 'च्च' करत नाही. मालिशवाली बाईसुद्धा नाही.

आता ताजी खबर. अकोल्याच्या त्या घरात सीटने मागची एक पूर्ण जागा खाल्ली, आणि पाच माणसांच्या गाडीत सहा माणसं बसवायची सोय कायमची संपली. परवा अंबादेवीच्या दर्शनाला निघताना मोजदाद झाली आणि आत्या उरली. बाळ उतरवून मांडीवर घ्या, म्हणजे मी मावते, असं ती म्हणाली. सून काही बोलली नाही, फक्त बकल खटकन लावलं. आत्या तडक बसस्टँडवर गेली, महिलांच्या सवलतीत अर्ध्या तिकिटात लाल परीने अमरावतीला पोहोचली, आणि गाडीवाल्यांच्या आधी ओटी भरून मोकळी झाली. कारण गाडीवाले मूर्तिजापूरला थांबले होते. बाळ रडलं म्हणून गाडी बाजूला लावली, बाळाला बाहेर काढलं, दूध पाजलं, आणि पुन्हा उलटं बसवलं. वीस मिनिटं गेली. आत्या हे सगळ्यांना सांगत फिरते आहे: "अवो, मी येस्टीनं पयले पोचली, अन् हे पोट्ट्याले पट्टे लावत बसले!"